भर दुपारचं इंग्रजी

सोलापुरात उन्हाळ्यात भुताला रात्री बाहेर पडायची सोय नाही. रात्री सगळं गाव रस्त्यावर असतं. जेवणं झाली की माणसं गच्चीत, ओट्यावर, आइस्क्रीमच्या गाडीपाशी. भुतानं उभं तरी कुठं राहावं? इथं भुतांची वेळ दुपारची. बारा वाजले की शटरं खाली येतात, कुत्री गटारीच्या कडेला जाऊन पडतात, डांबर मऊ होतं आणि सगळ्या गल्लीत हलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे उन्हाची झळ. लांबून ती पाण्यासारखी दिसते. तिच्यातून कुणीतरी चालत येतंय असं वाटत राहतं. जवळ कुणीच येत नाही.

या वेळात शहाणी माणसं झोपतात. मी इंग्रजी शिकत होते.

हौस म्हणून नाही हो. शरू पोटात होती तेव्हा शाळेतली नोकरी सोडली. आता ती दोन वर्षांची होत आली, तर आमच्याच भागातल्या एका इंग्रजी शाळेत पुन्हा अर्ज केला. मुलाखतीत प्राचार्याबाईंनी एक उतारा वाचायला दिला आणि त्यातल्या विधवेबद्दल तुमच्या शब्दांत सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, "शी इज सॅड." त्या म्हणाल्या, "अजून?" मी म्हटलं, "व्हेरी सॅड." त्या म्हणाल्या, "अजून?" आता माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, ती मी देऊन टाकली. "व्हेरी व्हेरी सॅड."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिसेस अपेक्षा, तुमचं इंग्रजी वाईट नाही. गरीब आहे."

मी अकलूजची. माझ्या माहेरी ऊस आहे, गुरं आहेत, दुधाचा डबा भरून डेअरीला जातो. मला आजवर कुणी गरीब म्हटलं नव्हतं, तेही भाषेवरून.

बाई मनानं चांगल्या. त्यांनी उपाय सांगितला. शब्दांच्या याद्या पाठ करू नका. एखादी जुनी कादंबरी घ्या, रोज मोठ्यानं वाचा. अवघड शब्द आला की थांबा. डिक्शनरी उघडू नका. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. जूनमध्ये पुन्हा या.

बाईंना आमचे शेजारी माहीत नव्हते.

कादंबरीसाठी मी एका जुन्या वाचनालयात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, सभासद व्हायला सोलापूरचा पत्ता लागतो. माझ्या आधारवर अकलूज. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा चिंचोळी एमआयडीसीत, त्याची सुट्टी गुरुवारी, वाचनालयाचीही गुरुवारी.

"तुम्ही सोलापुरात राहता याला पुरावा काय?"

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते आजचं झालं."

कडेवरची शरू रडायला लागली तसा त्यांना पाझर फुटला. कपाटामागं रद्दीचा ढीग होता, त्यातून त्यांनी एक पुस्तक उपसलं. पुठ्ठा नाही, नाव नाही, पुढची पानं गेलेली. धूळ झटकत म्हणाले, "हे न्या. हे नोंदीतच नाही." मी आभार मानून निघाले तर मागून हाक आली. "आणि हे बघा, परत आणू नका."

तेव्हा मला तो चांगुलपणा वाटला.

पुस्तकाला सुरुवात नव्हती. एक बाई दार उघडते तिथूनच गोष्ट चालू. समुद्राकाठी मोठं घर, मालक कुठं गेलाय कुणाला माहीत नाही, ही बाई घर सांभाळायला एकटी आलेली, आणि हिच्या खोलीच्या भिंतीपलीकडं कुणीतरी आहे. पलीकडं तर खोलीच नाही.

आमची दुपार अशी असायची. आतल्या खोलीत, शेजारच्या नागव्वाच्या घराला लागून जी भिंत आहे तिथल्या कडीला लुगड्याची झोळी. शरूचे पाय आता झोळीबाहेर येतात, पण तिला दुसरीकडं झोप नाही. मी मधल्या उंबऱ्यावर बसायचे, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, समोर कूलर, मांडीवर पुस्तक. झोळी हलायची थांबली की वाचन सुरू. शरूनं जरा हालचाल केली, कुं केलं, की पुस्तक मिटायचं आणि तिला उचलायचं. आईचा वेळ असा उसना असतो. मागितला की लगेच परत करावा लागतो.

शरूचं एक सांगायचं राहिलं. ती बोलत नव्हती. हसायची, रडायची, बोट दाखवायची, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून टक लावून बघायची. पण आई नाही, बाबा नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, वाट बघा. माझ्या सासूबाई बजाबाई मोडनिंबला असतात. त्यांचा फोनवरचा निदानविभाग वेगळा होता. "तू त्या पोरीम्होरं विंग्रजी वाचतीस. एका कानातनं मराटी जाती, दुसऱ्यातनं विंग्रजी. मदीच अडकत आसंल की समदं!"

मी वाचत राहिले. 'डेसोलेट' लागला, घर, वाळलेली बाग, बंद खिडक्या, माणूस नाही. म्हणजे मे महिन्यातली आमची गल्ली. 'इन्सिडिअस' लागला, कसलातरी वास हळूहळू खोलीत शिरतो आणि बाईला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमची गटार. 'गॉन्ट' मात्र लागेना. आजूबाजूला सगळी हाडं, खोल गेलेले डोळे, पांढरे केस. मी मान वर करून विचार करत होते, तेवढ्यात खिडकीच्या गजांमागं एक चेहरा दिसला. हाडं, खोल डोळे, पांढरे केस. शब्द तत्काळ लागला.

ती नागव्वा होती. शेजारीण. एकटी राहते, कपाळाला विभूती, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवते. ती दारातून आत आलीच नाही. बाहेरूनच म्हणाली, "अपेक्षा, कुणासंगं बोलते?"

आता तिला काय दिसत होतं तेही सांगते. मी नुकतीच न्हालेली, केस मोकळे, डोळे वटारलेले, भर दुपारी उंबऱ्यावर बसून भिंतीकडं बघत घोगऱ्या आवाजात परक्या भाषेत बडबडतेय. उंबऱ्यावर. मला माझं रूप असं बाहेरून कुणी दाखवलंच नव्हतं.

"वाचत होते, नागव्वा. इंग्रजी."

"ते कळलं गं. इंग्रजी तू बोलते. 'हं' कोण म्हणतंय?"

"कोण हं?"

"यव्वा! तू बोलते, बोलते, मग थांबते. मग कुणीतरी म्हणतंय, हं. मग तू परत बोलते. मी रोज भिंतीला कान लावून ऐकते."

"तुम्ही भिंतीला कान लावता?"

"निम्मी भिंत माझी हाय की," नागव्वा म्हणाली.

मी हसले. तेही चांगलं हसले. दुसऱ्या दिवशी भर बाराला लाइट गेली. कूलर घरघरत घरघरत बंद पडला आणि घरात अशी शांतता झाली की माठातून पाणी झिरपतंय तेही ऐकू यावं. गोष्टीतली बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती. जिन्याला शेवटची पायरी सापडेना. मी एका शब्दाशी थांबले.

"हं."

लहान, खोल. कुठून आलं सांगता येईना. मी झोळीची कड वर करून पाहिलं. शरू झोपलेली, पापण्या खाली, ओठ जरासे उघडे. खाटेखाली पाहिलं. मोरीत पाहिलं. परत बसले. वाचायची इच्छा उरली नव्हती, पण न वाचता त्या शांततेत बसणं त्याहून अवघड होतं. अजून एक वाक्य वाचलं आणि थांबले.

"हं."

आमच्याकडं गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला. गोष्ट तिथंच ठेवायची. रात्री माझा नवरा, दिग्विजय, शरूला गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत राजाराणी नसतात, सुपरवायझर आणि बिघडलेला पट्टा असतो. आणि मी भांडी घासता घासता आतून हं, हं करत असते. म्हणून माझ्या अंगावर काटा आला. नुसता आवाज असता तर मी उंदरावर ढकलला असता. हे कुणीतरी माझी गोष्ट रीतसर ऐकत होतं.

संध्याकाळी दिग्विजयला सांगितलं. तो इंजिनिअर नाही, पण इंजिनिअरांच्या शेजारी जेवतो. म्हणाला, "नळाला चार दिवसांनी पाणी येतं. मधे पाइपात हवा कोंडते. ती हं करते."

"मी थांबल्यावरच?"

"हवेचा दाब," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

नागव्वानं मात्र पाइपाची वाट पाहिली नाही. दोनेक दिवसांत कोपऱ्यावरच्या भुवनेश्वरीकाकू ओटीचं ताट घेऊन दारात. नारळ, खण, हळदकुंकू. मी म्हटलं, आज काय आहे? त्या माझ्याकडं न बघता, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाल्या, "मडमला विचारायचंय."

"कुठल्या मडमला?"

"तुझ्या अंगात येते ती."

नागव्वानं सगळी जुळणी करून टाकली होती. पूर्वी इथं कुण्या गोऱ्या साहेबाची बाई उन्हानं मेली होती म्हणे, तिची माती म्हणे आमच्याच गल्लीखाली. असं काही घडल्याचं कुणाला माहीत नव्हतं, पण ऐकल्यावर सगळ्यांना आठवलं. मी शपथेवर सांगितलं की ही कादंबरी आहे, मी जूनच्या मुलाखतीची तयारी करतेय. काकू समजूतदारपणे म्हणाल्या, "झाडाला कुठं माहीत असतं, त्याच्यावर कोण बसलंय ते? तू वाच."

कूलर बंद करायला लावला. काकूंनी विचारलं, दोन वर्षं मुलाचं लग्न जमेना, आता जमेल का? मी वाचलं, गोष्टीतल्या बाईनं तळघराचं दार ढकललं आणि आतून गार हवा तिच्या तोंडावर आली. थांबले.

"हं."

आठवड्यात अक्कलकोटची मुलगी ठरली.

मग कोण थांबतंय! एकीनं विचारलं, भाडेकरू खोली सोडेल का? हं. तो दुसऱ्याच दिवशी गेला. सामान न घेता. का गेला ते अजून कुणाला कळलेलं नाही. या भुताचा एकच दोष होता, त्याला नकार माहीत नव्हता. जो येईल त्याला हं. त्यामुळं ते अतिशय लोकप्रिय झालं. बायका माझ्या पाया पडायच्या, आणि पडता पडता स्पष्ट करायच्या, "तुझ्या नाही गं, तिच्या." घरात नारळांचा ढीग लागला. चटणी, वडी, बर्फी, ओल्या खोबऱ्याचं सारण. दिग्विजय डब्यातली सोलकढी पिऊन घरी आला की विचारायचा, "पाइपाचं कुणाला सांगितलंस का?"

आणि माझं वाचन? बायकांच्या प्रश्नांपायी दुपारी एक पानही होईना. गोष्टीतली बाई तळघरात उतरली होती, तिच्या पायाला काहीतरी लागलं होतं, आणि तिला तसंच ठेवून मी भाडेकरू, लग्नं आणि हरवलेली जोडवी बघत होते. जून तोंडावर आला. मला शब्द हवे होते हो. मला फक्त त्या बाईंच्या टेबलासमोर पुन्हा बसून, दुःखी माणसाला दुःखीपेक्षा चांगला शब्द द्यायचा होता.

अशा बातम्या एसटीच्या आधी पोचतात. मोडनिंबहून बजाबाई आल्या. पिशवीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि शरूसाठी बिस्किटं. चप्पल काढायच्या आत निकाल लागला.

"म्या काय बोलनार न्हाय. पोरीला घीऊन जाते. उद्याच्या गाडीनं. बोलाया लागली की आनून सोडते."

"आत्या, ती कशी राहील माझ्याशिवाय?"

"आन् हितं काय ऱ्हाती? भूत आन् विंग्रजी, दोनी येकाच खोलीत. तिनं तोंड उगडावं कवा?"

मी दिग्विजयकडं बघितलं. त्यानं पाइपाकडं बघितलं. रात्रभर मी शरूच्या पावलांवर हात ठेवून पडले. तिचे छोटे कपडे पिशवीत घडी करून ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. माझी पोर बोलत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ती माझ्या नजरेआड कुठल्यातरी दुपारी पहिला शब्द बोलेल आणि तो मला फोनवर कळेल, हे मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी गाडी चारची होती. बारा वाजता बजाबाईंनी कंबर कसली. "जायाच्या आदी त्याला बगून जाते. बोलीव त्या नागव्वाला. आन् तू बस. वाच. माझ्याम्होरं वाच."

शरूला झोळीत टाकलं. झोळी हलायची थांबली. कूलर बंद. बाहेर गल्ली पांढरी पडलेली, एक कावळाही नाही. नागव्वा भिंतीशी विभूतीची डबी घट्ट धरून बसली. बजाबाई मधोमध मांडी घालून, मुठीत मीठ-मिरच्या. मी उंबऱ्यावर. कसंबसं वाचलं. बाईच्या हातातली मेणबत्ती विझलीय. अंधारात कुणीतरी तिच्याइतक्याच लयीत श्वास घेतंय. ती श्वास रोखते.

मी थांबले.

"हं."

नागव्वानं डबीच सांडली. बजाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला, पण बाई मोडनिंबची. मूठ सोडली नाही. "कोन हायस रं? नाव सांग!"

काही नाही.

"काय पायजे तुला? लिंबू? नारळ? हितं ढीग पडलाय!"

काही नाही. भिंतीतून उन्हाची धग तेवढी येत होती.

बजाबाई माझ्याकडं वळून कुजबुजल्या, "माझ्यासंगं बोलंना. वाच म्होरं." मी वाचलं. ती बाई हात पुढं करते. तिच्या बोटांना दुसरी बोटं लागतात. गरम, लहान बोटं. मी थांबले.

"हं."

या वेळी बजाबाईंनी भिंतीकडं पाहिलं नाही. त्यांनी झोळीकडं पाहिलं. पाच लेकरं वाढवलेली बाई. आवाज कुठल्या उंचीवरून आला ते तिला कळलं. मिरच्या खाली ठेवून, गुडघ्यावर सरकत त्या झोळीपाशी गेल्या आणि कड हळूच बाजूला केली.

शरू झोपली होती. डोळे मिटलेले. इतके घट्ट मिटलेले की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. झोपलेलं माणूस इतकं मन लावून कधी झोपत नाही. पापण्या थरथरत होत्या, मुठी छातीशी, आणि सगळा जीव कानांत येऊन बसलेला.

"आगं माजे बाय," बजाबाई म्हणाल्या.

शरूनं डोळे उघडले. आणि माझ्या हातांनी, रोजच्या सवयीनं, आपोआप पुस्तक मिटलं.

तिचा चेहरा बघून मला सगळं कळलं. त्याला डिक्शनरी लागली नाही. ती जागी झाली की गोष्ट संपते. तिनं आवाज केला की आई पुस्तक ठेवते. म्हणून माझी लेक इतके दिवस दुपारी झोपलीच नव्हती. श्वास धरून, हालचाल न करता, फक्त ऐकणाऱ्यानं करायचं तेवढं करून, ती माझी एकेक दुपार लांबवत होती. मी वेळ चोरतेय असं समजत होते, आणि माझ्याच पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मला चोरत होतं.

ती झोळीत उठून बसली. केस घामानं कपाळाला चिकटलेले. मिटलेल्या पुस्तकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ओठ जमवले, सोडले, पुन्हा जमवले.

"मग?" शरू म्हणाली.

स्वच्छ. अख्खा. प्रश्नचिन्हासकट.

नागव्वा कन्नडमध्ये काहीतरी ओरडून रडायला लागली. मला रडूही येईना, हसूही. बजाबाईंनी नातीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या हातात बिस्किट दिलं आणि माझ्यावर डाफरल्या, "बगती काय तोंडाकडं? पोर इचारतीया की! वाच!"

"आत्या, चारची गाडी..."

"गाडी गेली तेल लावत. तुजी ती परीक्षा होस्तवर म्या हितंच हाय. आन् सावकाश वाच, मलाबी ऐकू दे. सापडलं का गं कोन तिला, अंदारात?"

मी पुस्तक उघडलं. पान सापडेना, डोळ्यांत पाणी. मग सापडलं. नागव्वा पदरानं नाक पुसत जवळ सरकली. शरूचं तोंड बिस्किटानं गच्च भरलेलं, गाल फुगलेले, डोळे मोठे करून ती माझ्या ओठांकडं बघत होती. मी वाचलं, ती बाई त्या लहान हाताला धरून एक पायरी वर चढली, मग दुसरी. आणि एका नवीन शब्दाशी येऊन थांबले.

"हं."

शरू चावत होती. नागव्वाचा पदर तोंडात होता. बजाबाईंचे ओठ मिटलेले. रिकामी झोळी भिंतीशी अगदी स्थिर लटकत होती.

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. शरूनं मात्र मान वर करून भिंतीकडं बघितलं आणि आपल्या हातातलं उरलेलं बिस्किट त्या बाजूला पुढं केलं.

मग बजाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, जसा घरात वडीलधारं माणूस आल्यावर करतात.

"आसंल कुनीतरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऐकतंय नव्हं? मग आसं अर्ध्यावर सोडू ने. वाच बाई."

मी वाचत राहिले. ऊन उतरेपर्यंत.